निळ्या झेंड्याची फाइल कोणाकडे आहे?

मार्च संपत आला की वस्तीवस्तीत वर्गणीची पुस्तके बाहेर पडतात. मंडप ठरतो, साउंड ठरतो, मिरवणुकीचा मार्ग ठरतो. मग जयंती मंडळाचे चार-पाच कार्यकर्ते फ्लेक्सच्या दुकानात जातात. तिथला ऑपरेटर गेल्या वर्षीची फाइल उघडतो, जयंतीचा आकडा एकाने वाढवतो, जुन्या अध्यक्षाचा फोटो काढून नव्या अध्यक्षाचा लावतो. बाबासाहेबांचा फोटो तोच, कितीतरी वेळा कॉपी होऊन नाकाडोळ्यांच्या कडा झिजलेला. "भाऊ, चेहरा जरा क्लिअर करा ना," असे कोणीतरी म्हणते. ऑपरेटर ब्राइटनेस वाढवतो. बाबासाहेब गोरे होतात. बॅनर छापला जातो, चौकात लागतो, आणि त्याच्याखाली उभे राहून आपण स्वाभिमानाची भाषणे करतो.

आमचा प्रश्न साधा आहे. त्या बॅनरची फाइल कोणाकडे आहे? मंडळाकडे नाही. विहाराकडे नाही. पक्षाच्या तालुका शाखेकडे नाही. ती दुकानदाराच्या हार्ड डिस्कमध्ये आहे. त्याने दुकान बंद केले, डिस्क उडाली किंवा "हा मजकूर वादग्रस्त आहे, मी छापणार नाही" असे तो म्हणाला, की आपल्या हातात काही उरत नाही. अत्याचाराच्या निषेधाचा बॅनर घेऊन गेलेल्या कार्यकर्त्यांना असे नकार मिळतात, हे चळवळीत काम करणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

आपल्याला हे नवीन आहे काय? 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. त्यातून बाबासाहेबांनी जो धडा घेतला तो लक्षात घ्या. त्यांनी 'केसरी'कडे पुन्हा अर्ज केला नाही. शाहू महाराजांनी 2,500 रुपयांची मदत दिली, 'मूकनायक' उभा राहिला. पुढे 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत', 1930 मध्ये 'जनता', 1956 मध्ये 'प्रबुद्ध भारत'. आणि केवळ पत्रे काढून ते थांबले नाहीत, स्वतःचा छापखाना उभा केला. लिहिणारा हात आपला आणि छापणारा हात दुसऱ्याचा असेल, तर लिहिणाऱ्या हाताचे स्वातंत्र्य अर्धेच असते, हे त्यांनी ओळखले होते. जून 2016 मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना रातोरात पाडला गेला, तेव्हा आपण हजारोंनी मुंबईच्या रस्त्यावर उतरलो. योग्यच केले. पण त्या छापखान्याचा वारसा सांगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना आज स्वतःच्या झेंड्याची एक स्वच्छ, छापता येण्याजोगी फाइल बनवता येते?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे: प्रत्येक विहारात, प्रत्येक वसतिगृहात, प्रत्येक अभ्यासिकेत व्हेक्टर चित्रकाम शिकवले गेले पाहिजे. चार दुकानांत नोकरी मिळावी एवढ्यासाठी नव्हे. लिहिता-वाचता येणे जसे चळवळीच्या कार्यकर्त्याला आवश्यक आहे, तसे हेही आवश्यक आहे म्हणून.

आधी हे व्हेक्टर म्हणजे काय ते समजून घेऊ. मोबाइलमधला फोटो हा छोट्या-छोट्या रंगीत चौकटींचा बनलेला असतो, त्यांना पिक्सेल म्हणतात. समजा फोटो 1,600 पिक्सेल रुंद आहे. तो 20 फुटी बॅनरवर ताणला, तर 6,096 मिलिमीटरमध्ये 1,600 चौकटी बसवायच्या. म्हणजे एकेक चौकट जवळजवळ 4 मिलिमीटरची झाली. बाबासाहेबांच्या डोळ्यांतले तेज त्या 4 मिलिमीटरच्या ठोकळ्यांत कुठे दिसणार? व्हेक्टर चित्रात चौकटी साठवलेल्या नसतात. तिथे आकाराचे वर्णन साठवलेले असते: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेष, तिला इतका बाक, आत हा रंग. वर्णन असल्यामुळे ते छातीवरच्या बिल्ल्यावर जितके स्वच्छ उमटते तितकेच इमारतीच्या भिंतीएवढ्या बॅनरवर उमटते. एकदा नीट काढलेले चित्र दहा वर्षे, पन्नास गावांत, पत्रकापासून कमानीपर्यंत चालते. चळवळीला परवडणारे तंत्रज्ञान असेल तर ते हेच.

आता शिकवण्याच्या पद्धतीबद्दल बोलू, कारण आमचा खरा वाद तिथे आहे.

बाजारात डीटीपीचे क्लास भरपूर आहेत. आपल्या वस्तीतली मुले तिथे फी भरून जातात. तिथे काय शिकवतात? हे बटण दाबा, इथे क्लिक करा, हा इफेक्ट द्या, हा शॉर्टकट पाठ करा. तीन महिन्यांनी मुलगा लग्नपत्रिका आणि वाढदिवसाचा बॅनर बनवायला लागतो, आणि दुकानात महिन्याच्या पगारावर ऑपरेटर होतो. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, बटणाची जागा बदलली, की तो अडतो. कारण त्याला बटण शिकवले, विचार शिकवला नाही. दुसरीकडे मोठ्या डिझाइन संस्थांत शिकणाऱ्यांना मात्र आकार, प्रमाण, अक्षर, रंग यांची तत्त्वे शिकवतात, आणि ते 'डिझायनर' होतात. एकच संगणक, एकच माउस. पण एकाला सांगितलेले करायचे आणि दुसऱ्याने काय करायचे ते ठरवायचे. हात एका जातीचे आणि डोके दुसऱ्या जातीचे ही विभागणी आपण कुठे पाहिली आहे, हे आंबेडकरी वाचकाला सांगण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी तिला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटले होते. ती विभागणी फ्लेक्सच्या दुकानात नव्या कपड्यांत बसली आहे.

म्हणून नवशिक्यांना शिकवायचे तर बटणांपासून सुरुवात करू नका. आकारापासून करा. आणि आकार आपलेच घ्या.

पहिला धडा अशोकचक्राचा. चौकात लागलेल्या बॅनरवरच्या चक्राचे आरे आज मोजून पाहा. 24 भरतीलच याची खात्री देता येत नाही. आता शिकणाऱ्यांना विचारा: वर्तुळाचे 360 अंश, आरे 24, तर दोन आऱ्यांमधला कोन किती? 15 अंश. इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल की दाबून एखादी वस्तू फिरवली, तर ती मुळातच 15-15 अंशांच्या टप्प्याने फिरते. म्हणजे सेटिंग न बदलता चक्र निघते. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून वर्तुळ काढा. व्यासाएवढी लांब, मध्यबिंदूतून जाणारी एक बारीक पट्टी काढा, अलाइन करून बरोबर मध्यावर आणा. कंट्रोल आणि डी दाबून तिची प्रत करा, पट्टीवर पुन्हा क्लिक केले की फिरवण्याचे बाण येतात, कंट्रोल दाबून एक टप्पा फिरवा. आणखी किती प्रती लागतील? बहुतेक मुले 23 म्हणतील. थांबा, त्यांना विचार करू द्या. पट्टी मध्यातून आरपार जाते, म्हणजे एका पट्टीत दोन आरे. एकूण 12 पट्ट्या पुरतात, प्रती फक्त 11. ज्या मुलीला हे स्वतःहून सुचते, तिला सॉफ्टवेअरची भीती पुन्हा वाटत नाही. तिने बटण पाठ केलेले नसते, तिने चक्र समजून घेतलेले असते.

दुसरा धडा पंचशील ध्वजाचा. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात तेच पाच रंग आडवे. सगळे चौकोन. पण इथे समान मापे, कडा एकमेकींना बरोबर चिकटवणे, फिल म्हणजे आतला रंग आणि स्ट्रोक म्हणजे कडेची रेष यांतला फरक, हे सगळे येते. स्ट्रोक काढायचा राहिला की दोन पट्ट्यांमध्ये काळी रेघ दिसते. ती चूक मुलांना स्वतः पकडू द्या.

तिसरा धडा दीक्षाभूमीच्या स्तूपाचा. मोठे वर्तुळ घ्या, खालचा अर्धा भाग चौकोनाने कापा, खाली चौथरा जोडा, वर हर्मिका आणि छत्र. दोन आकार एकत्र करणे म्हणजे युनियन, एकातून दुसरा वजा करणे म्हणजे डिफरन्स. बेरीज-वजाबाकी ज्याला येते त्याला हे येते. अवघड दिसणारी कोणतीही वस्तू सोप्या आकारांत फोडता येते, ही दृष्टी इथे मिळते. भीमा कोरेगावचा विजयस्तंभ मग मुले न विचारता काढतात.

चौथा धडा बाबासाहेबांच्या चष्म्याचा. चेहरा इतक्यात नको. मूळ फोटो खालच्या लेअरवर ठेवा, फिका करा, लेअरला कुलूप लावा, आणि वरच्या लेअरवर पेनने चष्म्याची चौकट काढा. इथे नोड आणि हँडल भेटतात. रेषेला बाक देणारी ही पद्धत फ्रान्समध्ये मोटारींचे पत्रे आखण्यासाठी विकसित झाली. रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए या अभियंत्याचे नाव तिला मिळाले. मुलांना एक नियम सांगा: नोड जितके कमी, रेष तितकी गोंडस. नवशिक्या माणूस एका भुवईला तीस नोड लावतो आणि भुवई करवतीसारखी दिसते. तीच भुवई चार नोडमध्ये निघते. 'ट्रेस' नावाचे बटण फोटोचे आपोआप व्हेक्टर करते, पण त्यात हजारो नोडचा गुंता येतो आणि चेहऱ्यावर डाग पडल्यासारखे आकार दिसतात. ते बटण शेवटच्या दिवसापर्यंत दाखवूच नका. चष्मा जमला की कोटाची कॉलर, मग हातातले संविधान, आणि चेहरा सर्वांत शेवटी. ज्या माणसाचा चेहरा काढायचा त्याच्याकडे तासन्‌तास पाहावे लागते. हे पाहणे हाही अभ्यास आहे.

पाचवा धडा अक्षरांचा. आपल्याकडच्या जुन्या फाइल ज्या फॉन्टमध्ये आहेत ते फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसले की 'जय भीम'च्या जागी भलतीच इंग्रजी चिन्हे दिसतात. पंधरा वर्षांपूर्वीची पत्रके, ठराव, स्मरणिका अशा कितीतरी फाइल आज कोणाला वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र कुठेही उघडला तरी तोच राहतो. मुक्त, बलू, नोटो असे चांगले देवनागरी फॉन्ट फुकट आणि मुक्त परवान्याने मिळतात. इंकस्केपमध्ये जोडाक्षरे नीट बसतात. छपाईला देताना मात्र अक्षरांचे पाथ करा, ज्याला दुकानात 'कर्व्ह करणे' म्हणतात, म्हणजे दुकानात तो फॉन्ट नसला तरी अक्षर बिघडत नाही. पण त्याआधी मूळ फाइल वेगळी सेव्ह करा. कर्व्ह केलेल्या अक्षरांत पुढच्या वर्षी आकडा बदलता येत नाही.

इंकस्केपच का, कोरलड्रॉ का नाही, असे कोणी विचारेल. सगळी दुकाने तर कोरलवर चालतात. बरोबर आहे. पण घरच्या संगणकावर कोरल बहुतेक वेळा चोरीचे असते. ज्याला ते विकत घेणे परवडत नाही त्याच्यासमोर बाजाराने दोनच रस्ते ठेवले: चोरी कर किंवा दूर राहा. मुक्त सॉफ्टवेअर हा तिसरा रस्ता आहे. इंकस्केप 2003 पासून जगभरातले स्वयंसेवक मिळून बनवत आहेत. ते डाउनलोड करायला पैसे लागत नाहीत, दहा जणांना वाटायला परवानगी लागत नाही, ते कसे बनले आहे हेही कोणालाही वाचता येते. त्याची एसव्हीजी ही फाइल खुल्या मानकाची आहे, कोणा एका कंपनीच्या मालकीची नाही. पाणवठा सर्वांसाठी खुला असावा म्हणून महाडला गेलेल्या समाजाने ज्ञानाचा खुला पाणवठा सोडून कुलूपबंद विहिरीतून चोरून पाणी का भरावे?

इंकस्केपची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते पडद्याच्या रंगांत काम करते, छपाईच्या शाईच्या रंगांत नाही. पडद्यावरचा झळझळीत निळा फ्लेक्सवर जांभळट उतरतो. आपल्या बाबतीत ही लहान गोष्ट नव्हे. उपाय असा की निळ्याच्या पाच-सहा छटांची एक पट्टी बनवा, ज्या दुकानात छापणार तिथे एक फूट तुकड्यावर छापून पाहा, बरोबर उतरलेल्या छटेचा क्रमांक लिहून ठेवा. फाइल पीडीएफ करून द्या, दुकानदार ती कोरलमध्ये उघडू शकतो. मग तो फक्त छापणारा राहतो. आपले काय दिसावे हे ठरवणारा राहत नाही.

आता काही आक्षेप. पहिला आक्षेप तरुणांचाच असतो: मोबाइलवर ॲप आहेत, दोन मिनिटांत पोस्टर होते, एवढे कशाला शिकायचे? ॲपमध्ये तुम्ही दुसऱ्याने आखलेल्या साच्यात आपला मजकूर भरता. साचा दिवाळीच्या सेलसाठी बनलेला, त्यात तुम्ही महापरिनिर्वाण दिनाचे अभिवादन बसवता, आणि 6 डिसेंबरच्या पोस्टरवर चमचमणारे तारे दिसतात. घाईत एखादी पोस्ट करायला ॲप वापरा, आमची हरकत नाही. पण ज्याला मुळाक्षरे येतात त्याने छापील शुभेच्छापत्र वापरणे वेगळे, आणि ज्याला तेवढेच येते त्याने वापरणे वेगळे. एआयने काढलेल्या चित्रांचेही तेच. चष्मा असलेला, कोट घातलेला कोणीतरी माणूस ते काढून देते. तो बाबासाहेब आहे की नाही हे ठरवायला तुमचा डोळा तयार झालेला असावा लागतो, आणि चूक दुरुस्त करायला हात.

दुसरा आक्षेप ज्येष्ठ कार्यकर्त्यांचा: समाजावर अत्याचार होत आहेत, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, आणि तुम्ही चित्रे काढायला काय शिकवता? आम्ही त्यांचा आदर करतो, पण हे मान्य करत नाही. शिष्यवृत्ती अडकली तर कोणत्या कार्यालयात, कोणत्या कागदासह, किती दिवसांत जायचे हे एका पानावर आकृतीने दाखवले, तर वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाला कळते. ॲट्रॉसिटीच्या तक्रारीचे टप्पे भिंतीवरच्या तक्त्यात मांडले, तर पोलीस ठाण्यात एकटी गेलेली बाई फसत नाही. हे तक्ते कोण काढणार? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षात, ज्याच्यापासून दलित पँथरने नाव घेतले, एमरी डग्लस हे चित्रकार सांस्कृतिक मंत्री होते. बालसुधारगृहाच्या छापखान्यात आणि नंतर कॉलेजात ते जाहिरातीची कला शिकले, आणि ती त्यांनी पक्षाच्या वृत्तपत्रात आपल्या लोकांसाठी लावली. त्या पक्षाने त्यांना 'पोस्टरवाला' म्हणून दाराबाहेर बसवले नाही, नेतृत्वात बसवले.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण तोच सर्वांत खोल आहे. आपल्यातला शिकलेला, नोकरीला लागलेला माणूस या कामाला हलके समजतो. मुलगा इंजिनिअर व्हावा, अधिकारी व्हावा. फ्लेक्सचे काम दहावी नापासाचे. हाताच्या कामाला हीन मानण्याची ही सवय कोणाची आहे, हे त्याने आरशात पाहून स्वतःलाच विचारावे. आणि ज्या दहावी नापास म्हटलेल्या मुलाने रात्री दोन वाजेपर्यंत जागून तुमच्या जयंतीचे बॅनर केले, त्याला शिक्षक म्हणून विहारात बोलवावे. हात त्याचा बसलेला आहे. त्याला तत्त्वे द्या, त्याच्याकडून सफाई घ्या.

मुलींबद्दल एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. फ्लेक्सची दुकाने रात्री उशिरापर्यंत चालतात, तिथे पुरुषांचा घोळका असतो. घरचे मुलींना पाठवत नाहीत. त्यामुळे हे कौशल्य आपल्या समाजातही मुलांपुरते राहिले. विहारात रविवारी सकाळी वर्ग घेतला तर हा अडथळा राहत नाही. वर्गात निम्म्या जागा मुलींना असाव्यात, आणि माउस त्यांच्या हातात असावा. मागे उभे राहून बघणे म्हणजे शिकणे नव्हे.

खर्च किती? वापरात नसलेले दोन-तीन लॅपटॉप समाजातल्या नोकरदारांच्या कपाटात पडलेले असतात. सॉफ्टवेअर फुकट. पाच धडे, प्रत्येकाला दोन रविवार, म्हणजे दहा रविवार. एका मिरवणुकीच्या साउंडचे एका रात्रीचे भाडे आणि हा खर्च शेजारी-शेजारी मांडून पाहा. आम्ही मिरवणुकीच्या विरोधात नाही. पण हिशेब मांडायला काय हरकत आहे?

आणि वर्ग संपल्यावर एक काम नक्की करा. विहारात एक पेन ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क ठेवा. चक्र, ध्वज, स्तूप, स्तंभ, बाबासाहेब, सावित्रीमाई, जोतिबा, रमाई, बिरसा मुंडा, फातिमाबी, जे जे कार्यकर्त्यांनी स्वतः काढले ते त्यात जमा करा. शेजारच्या तालुक्याला द्या, त्यांचे घ्या. चित्रावर काढणाऱ्याचे नाव राहू द्या, पण ते चित्र सर्वांचे असू द्या. पुढच्या 14 एप्रिलला दुकानात जाल तेव्हा "जुनी फाइल आहे का?" असे विचारत जाऊ नका. आपली फाइल घेऊन जा, माप सांगा, आणि छापून आणा.

जय भीम!